मागच्या खोलीतली संपादकबाई

शुक्रवारी संध्याकाळी त्या घराच्या मागच्या खोलीत भांडण ठरलेलं असायचं. एका बाजूला प्रभागाच्या नगरसेविका, ज्यांना सगळी गल्ली ताई म्हणायची, आणि दुसऱ्या बाजूला त्यांची भाची.

"आत्या, 'सुगम्यता' हा शब्द काढ."

"का? परिपत्रकात तोच आहे."

"म्हणूनच काढ. 'चढाउतरायची सोय' असं लिही. लाँड्रीवाल्याला कळलं पाहिजे. परिपत्रक लिहिणाऱ्याची मतं तुला मिळत नाहीत."

हे ती इतकं सरळ बोलायची नाही. एकेक शब्द ओढून, मान एका बाजूला वळवून, मध्ये श्वास घेऊन यायचा. परक्या माणसाला त्यातलं निम्मं कळलं नसतं. पण परकं माणूस त्या खोलीत कधी येतच नव्हतं. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला इजा झाली होती. पाय तिचं ऐकत नसत, डावा हात आपल्याच तंद्रीत असे. उजव्या हाताचं एक बोट मात्र हुकमी होतं. त्या एका बोटाने ती फोनवर ताईंचं 'प्रभागपत्र' लिहायची, आणि दर शनिवारी सकाळी ते घराघरांतल्या फोनवर जायचं. घरातले तिला मोठी म्हणत. ताई म्हणत संपादकबाई.

आधी हे पत्र ताई स्वतः लिहीत. भाषणाला उभ्या राहिल्या की त्या सभा गाजवायच्या, पण लेखणी हातात घेतली की कर भरण्याची नोटीस तयार व्हायची. कुणी वाचत नसे. एकदा भाचीने सहज चार ओळी बदलून दिल्या आणि पत्राला जीव आला. 'दवाखान्याच्या रॅम्पला आता दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आहे. कठडा माणसांनी धरायला आहे, सायकली बांधायला नाही. ज्यांनी बांधल्या आहेत त्यांना मी ओळखते. त्यांच्या आयांनाही ओळखते.' त्या संध्याकाळी एकही सायकल उरली नाही. लोक रस्त्यात ताईंना अडवून हसायचे. "काय लिहिता हो ताई!" ताई म्हणायच्या, "अहो, सुचतं आपलं काहीतरी." आणि पुढे चालू लागायच्या.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. प्रभागात कुणाच्या घरी चालता न येणारं माणूस आहे, कुणाला चाकांची खुर्ची हवी आहे, हे ताई दारोदार जाऊन विचारत. 'घरातल्या माणसाला दाराआड ठेवू नका' असं त्यांच्या पत्रात तीनदा आलं होतं. ते वाक्य लिहिणारी मुलगी त्यांच्याच भावाच्या घरी दाराआड होती.

भावाचं चष्म्याचं दुकान होतं. सज्जन माणूस, म्हाताऱ्यांकडून काचा बसवण्याची मजुरी घ्यायचा नाही. त्याच्या बायकोने तर मोठीसाठी जीव पाखडला होता. या घरात कुणी मोठीला कधी टाकून बोललं नाही, उपाशी ठेवलं नाही, तिच्यावर हात उगारला नाही. तिच्या खोलीत पंखा होता, पुस्तकं होती, सगळ्यांत मऊ गादी तिची होती. म्हणून तर जे चाललं होतं तो अन्याय आहे हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

सुरुवात फार साधी होती. कुटुंब या गल्लीत नवं राहायला आलं तेव्हा धाकटी मुलगी आईच्या कडेवर होती, मोठी सामान लावून झाल्यावर रात्री यायची होती. समोरच्या वहिनींनी सामान उतरताना विचारलं, "एकुलती एक का?" आईच्या दुसऱ्या हातात ओझं होतं, डोक्यात आधीच्या गल्लीतली बोलणी होती. तिथे मोठीला बाहेर आणलं की बायका आपली मुलं मागे ओढायच्या. ती म्हणून गेली, "हो." बस, एवढंच. खोटं बोलायचं असं तिने ठरवलं नव्हतं. पण एकदा तोंडातून गेलेला तो 'हो' पुढे सगळ्यांना सांभाळावा लागला. कुणी आलं की मागच्या खोलीचं दार लावायचं, मोठीने आवाज करायचा नाही. पुढे धाकटी मोठी झाली, बँकेत लागली, तेव्हा त्या 'हो'ला नवं कारण मिळालं. अशी बहीण आहे म्हटल्यावर हिला कोण करून घेणार? रक्तात दोष आहे म्हणतील. धाकटीचं जमू दे, मग बघू.

'जमू दे, मग बघू.' आपल्याकडची किती आयुष्यं या वाक्याने खाल्ली असतील, देव जाणे.

मोठीला हे सगळं ठाऊक होतं. तिने त्याचंही हसं केलं होतं. "मी या घरची काळी बाजू नाही," ती म्हणायची, "मागची बाजू आहे. मागची बाजू कोण रंगवतं?" मागायची मात्र एकच गोष्ट. दवाखान्याचा रॅम्प तिला बघायचा होता. तिनेच आत्याच्या मागे लागून तो करवून घेतला होता. पहिला बांधला तो घसरगुंडीसारखा उभा झाला, तेव्हा "हा रॅम्प आहे की माणसं खाली टाकायची सोय?" असं पत्रात लिहून तिने तो तोडायला लावला होता. आता तो लांब, उतरता, धरायला कठडा असलेला झाला होता. म्हाताऱ्या बायका काठी टेकत वर जात होत्या. ती फोटो मोठा करकरून बघायची.

"आत्या, फोटोत उतार कळत नाही. एकदा खुर्चीतून वर जाऊन बघितल्याशिवाय मी त्याला पास करणार नाही."

"धाकटीचं जमलं की पहिली फेरी तुझी."

"लेखी दे."

"लिहिणारी तूच. तूच लिहून घे." दोघी हसल्या होत्या.

त्या आठवड्यात भांडणाचा विषय डेंग्यू होता. प्रभागात ताप पसरला होता, पाण्याच्या टाक्या उघड्या होत्या. मोठीला स्वतःलाच मंगळवारपासून ताप होता. अंग ठणकत होतं, डोळे उघडवत नव्हते, तरी पत्र तिने सोडलं नाही.

"मी नर्सला घरी बोलावते," ताई भावाला म्हणाल्या. "रक्त तपासून घेऊ."

"ताई, रविवारी पाहुणे येतायत," भाऊ हळूच म्हणाला. "नर्स आली की गल्लीभर होईल. समोरच्या वहिनी गॅलरीत बसलेल्या असतात. तापाची गोळी देतोय ना आपण? सोमवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे नेऊ."

"सोमवारी नक्की?"

"नक्की."

ताई गप्प बसल्या. सभागृहात आयुक्तांशी हुज्जत घालणारी बाई भावापुढे गप्प बसली, कारण घर भावाचं होतं, मुलगी भावाची होती, आणि धाकटीचं जमावं असं ताईंनाही मनापासून वाटत होतं.

मोठीने त्या संध्याकाळी लिहिलं ते असं:

'ताप उतरला म्हणजे आजार गेला, या भ्रमात राहू नका. डेंग्यू खरा दगा ताप उतरल्यावरच देतो. पोटात जोराने दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, माणूस गळून गेलं किंवा उगाच कासावीस झालं, तर वाट बघू नका. कपडे बदलत बसू नका. कुणाला विचारत बसू नका. उचला आणि दवाखान्यात आणा. रॅम्प त्यासाठीच बांधलाय.'

शनिवारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते पत्र छापून भिंतीवर चिकटवलं.

रविवारी सकाळी मोठीचा ताप उतरला. आईने कपाळाला हात लावला आणि तिला रडूच आलं. "गेला गं ताप! बरी झालीस." तिने मोठीचं अंग पुसलं, केस विंचरले, आणि घाईघाईने बैठकीच्या खोलीत चादरी बदलायला गेली.

घराची रचना अशी होती की मागच्या खोलीतून बाहेर पडायचं तर बैठकीच्या खोलीतूनच जावं लागे. दुसरं दार नव्हतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. बोलणी छान चालली होती. मुलगा शांत होता, धाकटीकडे बघून नुसता हसत होता. तीही हसत होती. मुलाची आई ताईंच्या शेजारी येऊन बसली.

"तुमची पत्रं आमच्याकडेपण येतात बरं का ताई. ते डेंग्यूचं तर मी सगळ्यांना पाठवलं. तुमच्यासारखी आत्या असलेलं घर, अजून काय बघायचं?"

मोठीची आई मध्येच उठून मागे गेली. मोठी कुशीवर वळली होती, गुडघे पोटाशी. बादलीत उलटी होती.

"आई, पोट."

"औषध देते हं. सकाळपासून काही खाल्लं नाहीस म्हणून."

"नाही. पत्र..." तिला शब्द ओढवत नव्हते. "मीच... लिहिलंय. वाट... नको."

आईला कळलं. वाचकहो, आईला कळलं नाही असं मी लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिला कळलं, आणि तिने दाराकडे पाहिलं. दारापलीकडून धाकटीचं हसणं ऐकू येत होतं. "थोडी कळ काढ, बाळा," ती म्हणाली. "तारीख ठरतेय. तुझ्या बहिणीसाठी. थोडीच."

मोठीने मान हलवली. बहिणीसाठी तिने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

आई बाहेर आली ती ओठ घट्ट मिटून. थोड्या वेळाने ताईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. संपादकबाई. एरवी एक काना चुकला तर पत्र अडवून धरणारी मुलगी. तिने पाठवलं होतं, 'आत्या हत गर'.

ताईंनी भावाकडे पाहिलं. भावाने डोळ्यांनीच विनवलं. मुलाचे काका तेव्हा म्हणत होते, "मग एकुलती एक लेक देताय, जड जाईल तुम्हाला," आणि भाऊ म्हणाला, "जाणारच. पण आज ना उद्या..." ताई अर्धवट उठल्या. मुलाच्या आईने त्यांचा हात धरला. "बसा हो ताई, तुम्ही कुठे चाललात? तारीख तुम्हीच सांगायची."

ताई बसल्या. तारीख त्यांनीच सांगितली.

पाहुणे दारात बराच वेळ बोलत राहिले, चांगले पाहुणे राहतात तसे. त्यांची गाडी वळली तेव्हा ताई आत धावल्या. मोठीचे डोळे अर्धे उघडे होते. हात बर्फासारखे. ओठांच्या कडेला रक्ताची बारीक रेघ.

"उचला!" ताई ओरडल्या. "उचला रे!" भावाने तिला उचललं. इतक्या वर्षांत त्या मुलीला तिच्या घराच्या पुढच्या दारातून दिवसाउजेडी पहिल्यांदाच कुणी बाहेर आणलं. समोरच्या गॅलरीत वहिनी उभ्या राहिल्या. रस्त्यावर दोघेतिघे थांबले.

दवाखान्याच्या रॅम्पवरून तिचं स्ट्रेचर सहज वर गेलं. एकही धक्का बसला नाही. उतार अगदी बरोबर होता. तिला ते कळलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नाडी शोधताना त्यांचा चेहरा पांढरा पडला. नर्सने सलाईन लावलं, मोठ्या रुग्णालयाला फोन गेला, आणि डॉक्टरीणबाई वळून जवळजवळ किंचाळल्या, "सकाळपासून असं आहे? आणि तुम्ही आत्ता आणताय? ताई, तुम्ही? हे बघा," त्यांनी भिंतीवर हात आपटला, "हे सगळं तुम्हीच लिहिलंत ना?"

"मी नाही लिहिलं," ताई म्हणाल्या.

"मग कुणी लिहिलं?"

ताईंनी स्ट्रेचरकडे बोट केलं.

नर्सच्या हातातली पट्टी तशीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा, नीट पाहिलं, आणि त्या परत कामाला लागल्या. त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. पण मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर थोड्याच वेळात ती गेली. धाकटी तिचं ते हुकमी बोट हातात धरून बसली होती. तिला ते सोडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं तेव्हा दारात गल्ली जमली होती. कोण गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई आहेत, भाऊ आहे, त्याची बायको आहे, मुलगी आहे. मग हे कोण?

आत भाऊ भिंतीला टेकून बसला होता. एका रात्रीत म्हातारा झाला होता. तो पुटपुटला, "लांबच्या नात्यातली होती, उपचाराला आणली होती, असं सांगू. आता ती तर गेलीच. निदान हिचं तरी..."

हे ऐकून आपल्याला त्याचा संताप येईल. येऊ द्या. पण तो दुष्ट नव्हता हेही लक्षात ठेवा. तो एका दगडाखाली हात अडकलेला माणूस होता, आणि त्याने दुसरा हातही तिथेच घातला.

धाकटी उठली. "बाबा, ती लांबची नव्हती," ती म्हणाली. "माझ्या शेजारच्या गादीवर झोपायची ती. मला वाचायला तिने शिकवलं. बँकेच्या परीक्षेची सगळी तयारी तिने करून घेतली. ती जिवंत असताना तुम्ही ती नाहीच म्हणालात, तेव्हा मी गप्प बसले. काल बाहेर बसून हसत होते मी. हसत होते! आता पुन्हा नाही गप्प बसणार."

"अगं, पण ते लोक..."

"त्यांना मी सकाळीच फोन केला. सगळं सांगितलं. मुलाच्या आई म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर आम्ही काय नाही म्हटलं असतं? बाबा, त्या खरं बोलल्या की खोटं, ते आता कधीच कळायचं नाही. आपण विचारलंच नाही. आणि लग्नाचं म्हणाल, तर जिच्या जिवावर ठरलं ते लग्न मला नको."

बापाने तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात आई उठली. रात्रभर ती एकाच जागी बसून होती, तिने पाणीही घेतलं नव्हतं. ती सरळ पुढच्या दाराकडे गेली. बाहेरची कुजबुज थांबली. कुणीतरी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"माझी मुलगी," आई म्हणाली. "मला दोन मुली. ही मोठी. तुम्ही दर शनिवारी वाचता ना, ते ती लिहायची. मी खोटं बोलले तुमच्याशी. तिला लपवलं. कालसुद्धा ती मला सांगत होती आणि मी म्हटलं, थोडी कळ काढ. तिने काढली हो. तिने कळ काढली."

लाँड्रीवाला पुढे होता. त्याने पायातल्या चपला काढल्या. कुणी नाक शिंकरलं. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "तिला बघू का?" आणि आईने दार पूर्ण उघडलं. माणसं एकेक करून आत आली. जिला एकानेही पाहिलं नव्हतं तिला सगळ्या गल्लीने पाहिलं, पण कधी? माणसाची आपल्याला ओळख व्हावी म्हणून त्याने मरावं लागतं का? मला याचं उत्तर ठाऊक नाही. ज्याने त्याने आपल्या घराची मागची खोली आठवून ते शोधावं.

सगळं आटोपून संध्याकाळी ताई घराच्या पायरीवर बसल्या होत्या. कुणाशी बोलायचं त्राण नव्हतं. फोनवर शेकडो निरोप येऊन पडले होते, त्यांनी तो बंद केला होता. राजीनामा द्यावा, हे सगळं सोडून कुठेतरी निघून जावं, असं मनात चाललं होतं. ज्या बाईने आपल्या भाचीसाठी एक दार उघडलं नाही तिने कुठल्या तोंडाने लोकांच्या दारावर थाप मारायची?

समोरच्या वहिनी रस्ता ओलांडून आल्या. ज्यांच्या नजरेच्या भीतीने हे घर इतकी वर्षं दार लावून बसलं, त्याच त्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि ताईंच्या शेजारी खाली बसल्या.

"ताई, एक सांगायचं होतं."

ताईंनी मान वर केली नाही.

"माझा मुलगा परदेशात असतो, असं मी सगळ्यांना सांगते."

"हो. ऐकलंय."

"तो परदेशात नाही." वहिनींनी आपल्या घराकडे पाहिलं. "वर असतो. गच्चीलगतच्या खोलीत. त्याला... त्याला माणसांची भीती वाटते, आरडाओरडा करतो. डॉक्टरला दाखवलं नाही कधी. लोक वेडा म्हणतील म्हणून. तुमचा भाऊ इथे राहायला आला ना, तेव्हा मला वाटलं, एकुलत्या एका गोड मुलीचं घर आलं समोर, यांना कळलं तर काय म्हणतील?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मध्ये फक्त एक अरुंद रस्ता होता. दोन्ही घरं एकमेकांना घाबरून जगली होती.

"मी उद्या येते," ताई कशाबशा म्हणाल्या. "आज माझ्यात..."

"उद्या चालेल," वहिनी घाईने म्हणाल्या. "तशी घाई नाही. चार दिवस ताप होता त्याला, त्याची काळजी वाटत होती. पण आज दुपारी उतरलाय. आता नुसता पडून आहे, पोट दुखतं म्हणतो."

ताई उठून उभ्या राहिल्या.

"चला."

"अहो, आत्ता? सगळे बाहेर आहेत. तो ओरडेल, खाली आणताना अख्खी गल्ली बघेल..."

ताईंनी वहिनींचा हात धरला आणि त्या रस्ता ओलांडू लागल्या. चालता चालताच त्यांनी लाँड्रीवाल्याला हाक मारून गाडी काढायला सांगितलं.

"ताई, ऐका ना. लोक बघतील हो."

"बघू द्या," ताई म्हणाल्या.